गुपित एकट्या सासूबाईंचं नाही

मावशी, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर कॅलिफोर्नियात. नवरा अमेरिकन, गोरा. निदान गेल्या नाताळापर्यंत आम्ही सगळे तसंच समजत होतो. मी गंमत म्हणून त्याला डीएनए चाचणीचं किट भेट दिलं. निकालात ११ टक्के पश्चिम आफ्रिका आलं. पाठोपाठ न्यू ऑर्लिन्सहून एका ७८ वर्षांच्या बाईंचं पत्र आलं. त्या माझ्या सासूबाईंच्या सख्ख्या चुलत बहीण निघाल्या. सासूबाईंचे वडील तिथल्या कृष्णवर्णीय क्रिओल, म्हणजे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वंशाच्या घरातले. १९४४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि गोरे म्हणून राहिले. १९४६ मध्ये आयोवाहून आलेल्या गोऱ्या मुलीशी लग्न केलं, १९९१ मध्ये वारले. 'माझ्या घरचं कुणी उरलेलं नाही' एवढंच ते मुलीला सांगत आले.

पत्रात लिहिलंय, की १९५८ मध्ये त्यांची आई गेली तेव्हा घरच्यांनी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत मुद्दाम त्यांचं नाव घातलं नाही, कुणी माग काढू नये म्हणून. ते चर्चमध्ये आले, शेवटच्या बाकावर बसले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांचा फोटो त्या घरात अजून आहे. बाईंना सासूबाईंना एकदा भेटायचंय.

सासूबाई ७६ वर्षांच्या. पत्र वाचून म्हणाल्या, 'मी असेपर्यंत हा विषय नको.' नवरा दुसऱ्या टोकाला गेलाय. आजोबा आयुष्यभर खोटं बोलले म्हणतो, सगळ्या नातेवाइकांना ईमेल पाठवायला निघालाय आणि मुलींच्या शाळेच्या फॉर्मवर त्यानं फक्त 'कृष्णवर्णीय' या चौकटीत खूण केलीय. मोठी मुलगी ११ वर्षांची, माझ्यासारखी सावळी. सासूबाई तिला लहानपणापासून उन्हात खेळू देत नाहीत, फोटोत मागे उभं करतात. हे माझ्या रंगामुळे असं धरून मी इतकी वर्षं मनात कुढत आलेय. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, 'इकडे कुणाला बोलू नकोस, भावाचं लग्न जमवायचंय.' तीन महिने झाले, न्यू ऑर्लिन्सच्या पत्राला उत्तर गेलेलं नाही. मी गुपचूप लिहू का? मुलींना काय सांगू? हे सगळं माझ्या भेटवस्तूमुळे झालं.
– एक सून

अगं मुली,

आधी त्या पत्राला उत्तर जाऊ दे, याच आठवड्यात. ७८ वर्षांची बाई तीन महिने टपालाची वाट बघतेय. तिच्या घरानं ऐंशी वर्षं तोंड मिटून तुझ्या सासरचा संसार सांभाळला. त्या घराला आता तुमच्याकडून पुन्हा शांतताच मिळावी, हे मला सोसवत नाही.

पण उत्तर तू लिहू नकोस, आणि गुपचूप तर मुळीच नको. या घरात एक गोष्ट आधीच लपलेली होती, तिच्यावर दुसरी कशाला घालायची? उद्या सासूबाईंना कळलं तर सगळा राग तुझ्यावर निघेल आणि ती चुलत बहीण विषयातून बाहेर पडेल. पत्र तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या नावानं लिहायचं. टपालात टाकण्याआधी आईसमोर बसून सांगायचं, 'मी त्यांना उत्तर देतोय. तुझा पत्ता, फोन, फोटो काही देणार नाही. भेटायचं की नाही ते तू ठरव.' ही परवानगी मागणं नव्हे. त्या बहिणीला भेटावं की नाही हा सासूबाईंचा हक्क, आणि तो त्यांना शेवटपर्यंत असू दे. मात्र ती बहीण जगात नाहीच असं सगळ्या घरानं वागायचं, हे त्या कुणावर लादू शकत नाहीत. त्या गुपिताला दोन घरं बांधलेली आहेत. एका घरानं त्यातून अब्रू, नोकरी, बंगला मिळवला. दुसऱ्यानं मुलगा घालवला. एवढी वर्षं पहिल्याच घराच्या सोयीनं सगळं चाललं, म्हणून मी आज दुसऱ्या घराच्या बाजूनं बोलतेय.

त्या किटबद्दल स्वतःला बोल लावणं सोडून दे. न्यू ऑर्लिन्सच्या बाई आधीपासून शोधतच होत्या. आज नाही तर उद्या तुझी नणंद किंवा एखादा भाचा ती चाचणी करणारच होता.

आता आजोबांविषयी. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, त्यांना खोटारडा ठरवण्याआधी १९४६चा कॅलिफोर्नियाचा कायदा वाच. गोऱ्या माणसाचं कृष्णवर्णीयाशी झालेलं लग्न तिथे बेकायदा होतं, मुळातूनच रद्दबातल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी काढली १ ऑक्टोबर १९४८ला, म्हणजे त्यांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. लग्नाच्या कागदावर खरा वंश लिहिला असता तर ते लग्नच लागलं नसतं. सासूबाईंचा जन्मच त्या एका खोट्या नोंदीवर उभा आहे. देशभरातली अशी बंदी उठायला तर १९६७ उजाडलं. घर घ्यायला जावं तर कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतात, कृष्णवर्णीयाला विकायचं नाही अशी अट घातलेली असे. न्यायालयानं अशा अटी बजावू नयेत हा निकाल १९४८चा, आणि घरविक्रीतला भेदभाव बंद करणारा देशव्यापी कायदा १९६८चा. तोवर त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती. एवढी वर्षं ज्या बायकोमुलीशी एक गोष्ट बोलले नाहीत, त्यांना ती नंतर कुठल्या तोंडानं सांगायची? मला वाटतं, कायदे बदलले तरी त्यांना परतीची वाट उरली नव्हती.

आणि ते आले कुठून, तेही बघा. होमर प्लेसी हा बुटांचा कारागीर न्यू ऑर्लिन्सचाच. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते, दिसायला तोही गोराच. १८९२ मध्ये तो रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसला, आपण कोण ते सांगितलं आणि अटक करून घेतली. वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान देण्यासाठीच तिथल्या नागरिकांच्या समितीनं तो बेत आखला होता. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ यांना कायद्याचा आधार मिळाला. अशा शहरात आजोबा वाढले. तिथल्या क्रिओल घरांत एकाच आईची लेकरं तऱ्हेतऱ्हेच्या रंगांची असत. गोरा म्हणून खपून जाणाऱ्याला तिथे 'पासे ब्लाँ' म्हणत. काहीजण तेवढे दुकानातल्या नोकरीपुरते गोरे असत आणि संध्याकाळी आपल्या वस्तीत परत येत. काही गाडीत बसून कॅलिफोर्नियाला जात आणि परत येत नसत.

आता त्या निधनवार्तेकडे ये, कारण तुझ्या पत्रातला तोच भाग माझ्या मनातून जात नाही. त्या काळात, १९४९ ते १९६५, न्यू ऑर्लिन्सच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाची सूत्रं नाओमी ड्रेक नावाच्या बाईंकडे होती. तिथे निधनवार्ता बारकाईनं वाचल्या जात. अंत्यविधी कुठल्या संस्थेनं केला, मागे कोण कोण नातेवाईक राहिले, त्यावरून लोकांच्या दाखल्यावरचा वंश पडताळून पाहिला जाई. एखादं नाव चुकीच्या माणसांच्या रांगेत छापून आलं की त्याचं गोरेपण संपलं. म्हणजे १९५८ मध्ये त्या घरानं जे केलं ती नुसती भीती नव्हती. आई गेलीय, घरात रडारड आहे, आणि त्यातच कुणीतरी बसून यादी करतंय की कुठल्या लेकाचं नाव गाळायचं. त्यानं काही मागितलं नव्हतं. त्याच्या बायकोला, नऊ वर्षांच्या मुलीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी आपणहून ते केलं. ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे तुझ्या सासूबाई. त्यांना कधी ऐकायची तयारी झाली, तर हे त्यांना सांगायलाच हवं: त्या घरानं त्यांना टाकलं नव्हतं, त्या घरानं त्यांची काळजी वाहिली होती.

अशा घरांची झीज पुढच्या पिढ्यांत कशी होते त्याचं एक तिकडे गाजलेलं उदाहरण सांगते. ॲनातोल ब्रॉयार्ड हे न्यू यॉर्क टाइम्सचे नावाजलेले ग्रंथसमीक्षक. जन्म १९२०चा, न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल घरात. वाङ्मयीन वर्तुळात गोरे म्हणून वावरले. त्यांची एक बहीण सावळी होती, तिचा नवरा नागरी हक्कांच्या लढ्यातला वकील आणि पुढे घानामधला अमेरिकेचा राजदूत. कुणीही अभिमानानं मिरवावं असं ते माणूस! पण त्या आत्याचं घर ब्रॉयार्ड यांच्या मुलांना परकंच राहिलं. १९९० मध्ये वडील मरणाच्या दारात असताना मुलांना खरं कळलं, तेही आईकडून. वडिलांनी स्वतः नाहीच सांगितलं. मुलीनं पुढे कित्येक वर्षं त्या नातलगांचा शोध घेतला. वडील हयात असताना विचारता आलं असतं ते सगळं तिला परक्यांना आणि कागदपत्रांना विचारावं लागलं. तुमच्या हातात अजून एक बोलणारी जिवंत बाई आहे. तिला आजोबांच्या आईचा आवाज, तिचं स्वयंपाकघर, भावंडांची भांडणं आठवत असतील. म्हणून मी घाई करतेय.

तुला हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर आपल्याकडे बघ. जात चोरून राहिलेली माणसं काय आपल्याला नवी आहेत? १९१७ मध्ये अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात कुणी जागा देईना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. काही दिवसांतच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर साध्या कारकुनाची, शिक्षिकेची काय! आडनाव बदलून पुण्यामुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्या घरांतून मला आजही पत्रं येतात. गावचा काका येणार म्हटलं की देव्हारा, भिंतीवरचे फोटो, स्वयंपाक, सगळ्याची जुळवाजुळव. मुलांना आजोळ माहीत नसतं आणि का माहीत नाही तेही माहीत नसतं. त्या मुलांना घरात कसली तरी भीती आहे एवढं मात्र नीट कळतं. तुझ्या सासूबाई अशाच घरात वाढल्या.

त्यांना सगळं ठाऊक होतं असं मला वाटतं. निदान अर्धं तरी. सावळ्या नातीला उन्हातून आत ओढणारी, फोटोत मागे सरकवणारी बाई नुसती गोऱ्या कातडीची हौशी असती तर पत्र वाचून तिनं 'काय हा मूर्खपणा' म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, 'मी असेपर्यंत नको.' हे आश्चर्य वाटलेल्या माणसाचं बोलणं नाही. कदाचित त्यांच्या वडिलांनी त्यांनाही लहानपणी असंच सावलीत ओढलं असेल. तुझ्या रंगाचा त्यांना तिटकारा असेलच असं नाही. तुझ्या लेकीच्या रूपानं वडिलांचं गुपित उघड्यावर येईल ही धास्ती असेल.

याचा अर्थ तुझं दुखणं खोटं होतं असा मुळीच नाही. कारण काही असो, अकरा वर्षं तुझ्या मुलीनं मागच्या रांगेत उभं राहायला शिकलं आहे. ते आजपासून बंद. सासूबाईंना एकट्यात, शांतपणे सांग, 'आई, तुम्हाला कशाची भीती वाटत होती ते मला आता थोडं कळतंय. पण ती भीती माझ्या मुलींना द्यायची नाही. ती पुढे उभी राहील आणि उन्हात खेळेल.' इथे मागे हटू नकोस. भेटीच्या बाबतीत त्यांना हवा तेवढा वेळ दे, या बाबतीत एक दिवसही नको.

न्यू ऑर्लिन्सबद्दल त्यांच्याशी बोलताना 'सत्य', 'मुळं' असले मोठे शब्द वापरू नका. ७६व्या वर्षी कुणी येऊन सांगतं, की तू ज्या बापाला ओळखत होतीस तो अर्धाच होता, तेव्हा माणूस आधी बापाच्या बाजूनं उभा राहतो. ते स्वाभाविक आहे. त्यांना वडिलांबद्दल विचारा. ते काय गुणगुणायचे, काय रांधायचे, चर्चमधली मिसा चुकवायचे का. हळूहळू त्यांच्या तोंडून न्यू ऑर्लिन्स आपोआप बाहेर येईल. पत्र त्यांच्या खोलीत, त्यांना हवं तेव्हा उघडता येईल असं ठेवा. वाचलं का म्हणून विचारू नका.

तुझ्या नवऱ्याचा सामूहिक ईमेल थांबव. ज्या आईनं अजून स्वतःशी कबूल केलेलं नाही ती गोष्ट चुलत मेव्हण्यांना ईमेलनं कळवणं म्हणजे तिला चव्हाट्यावर आणणं. नणंदेला, भाच्यांना सांगायचं तर एकेकाशी, फोनवर, आणि आईला कळवून.

आणि फॉर्मवरची ती खूण. तो उत्साहात आहे, कदाचित त्याला आजोबांची भरपाई करायची आहे. तरी मला ती खूण खटकली. न्यू ऑर्लिन्सच्या त्या बाई आयुष्यभर कृष्णवर्णीय म्हणून जगल्या. १९५८पर्यंत तिथल्या ट्रामगाड्यांत त्यांना मागे बसावं लागत होतं. त्या शहराच्या लुइझियाना राज्यात १९७०चा एक कायदा होता, बत्तिसाव्या हिश्श्याहून जास्त रक्त कृष्णवर्णीय असलं तर माणूस कृष्णवर्णीय. तो १९८३पर्यंत टिकला. त्या सगळ्यातला एकही दिवस तुझ्या नवऱ्यानं काढलेला नाही. पोलिसानं गाडी अडवली तर आजही तो गोराच आहे. चाचणीच्या टक्क्यांवरून स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवून घेणं म्हणजे पुन्हा आपल्या सोयीनं चौकट निवडणं, आणि आजोबांना निदान जिवावरच्या कारणानं ती निवडावी लागली होती. जनगणनेत २०००पासून एकाहून जास्त वंश नोंदवता येतात. मुलींच्या फॉर्मवर भारतीय आणि गोरा यांच्या जोडीला तिसरी खूण करायची की नाही, हा विचार त्या नातलगांशी ओळख झाल्यावर करा. त्याचा काही लाभ मिळत असेल तर तो अजिबात घेऊ नका. त्याला काही करायचंच असेल, तर कागदपत्रं शोधू दे. १९५०ची जनगणना २०२२मध्ये खुली झाली, १९४०ची त्याआधीच. एकाच माणसाची नोंद एका शहरात एका वंशाची आणि दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात दुसऱ्या वंशाची, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. न्यू ऑर्लिन्सच्या कॅथलिक चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही खूप मागे जातात. आजोबांच्या भावंडांची नावं त्याला पाठ झाली पाहिजेत. नातं जोडायला टक्क्यांपेक्षा ती उपयोगी पडतील.

मुलींना आताच सांगा, दोघांनी मिळून. थोरलीला बरंच जाणवलेलं असणार. सांगायचं ते एवढंच: पणजोबांच्या घरचे लोक कृष्णवर्णीय होते. तेव्हा त्या लोकांशी सरकार आणि शेजारी फार वाईट वागत, म्हणून पणजोबांनी आपण गोरे आहोत असं सांगितलं, आणि त्यासाठी त्यांना आपल्या आईला, भावंडांना सोडावं लागलं. आजीला हे बोलायला अवघड जातंय, म्हणून तिला टोचायचं नाही. पण हे गुपित नाही, तुम्हाला कुणाशीही बोलता येईल. शेवटचं वाक्य विसरू नका. मुलींना 'आजीसमोर गप्प राहा' एवढंच ऐकू आलं, तर चौथ्या पिढीतही तेच सुरू होईल. थोरलीनं 'म्हणून आजी मला मागे उभं करायची का?' असं विचारलं, तर 'हो, बहुतेक म्हणूनच, आणि ते चुकीचं होतं' असं सरळ उत्तर दे.

राहिली तुझी आई. तिच्यावर चिडू नकोस, पण तिचं ऐकूही नकोस. तिला सांग, १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं होतं, की भारतीय माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व मिळणार नाही. तो दरवाजा किलकिला झाला १९४६ मध्ये, ज्या वर्षी आजोबांनी लग्न केलं त्याच वर्षी. आपली मुलं शेकड्यांनी, हजारांनी तिकडे जाऊ शकली ती १९६५च्या कायद्यामुळे, आणि तो कायदा आला कृष्णवर्णीयांनी दिलेल्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर. तू आज कॅलिफोर्नियात आहेस त्यात न्यू ऑर्लिन्सच्या त्या बाईंसारख्यांचा वाटा आहे. तुझ्या मुलींच्या पणजोबांचा वंश ऐकून ज्या घराचा होकार फिरेल, त्या घरात भावाची बायको आणायची तुझ्या आईला खरंच इच्छा आहे का, हे तिला विचार. तिच्या लेकीचा संसार त्याच घरात आहे, हे तिच्या लक्षात येईल.

पहिलं पत्र लांबलचक नको. उशीर झाल्याबद्दल दिलगिरी, आपण कोण, मुलींची नावं, आणि निधनवार्तेबद्दल आभार. 'तुमच्या घरानं जे केलं ते आम्हाला आजवर माहीत नव्हतं' हे वाक्य त्यात असावंच. आईबद्दल खरं लिहा: त्या अजून तयार नाहीत. खोटी आशा दाखवू नका. त्या बाईंनी तेवढं समजून घेण्याइतकं आयुष्य पाहिलंय. आणि सासूबाई शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत, तरी तुम्ही चौघं जा. जाण्याआधी फोन करून विचारा, त्यांना कधी सोयीचं आहे आणि घरी आलेलं चालेल का. सासूबाईंना तारीख सांगून ठेवा. त्यांच्यासाठी एक तिकीट काढून ठेवलंत तरी माझी हरकत नाही, फक्त 'याल का' म्हणून एकदाच विचारा.

तुझी,
मावशी